चिठ्ठीने मिळालेली नोकरी

दीपमाला कापगते हिची आणि माझी ओळख एका मिक्सरमुळे झाली. नारायण पेठेत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, घरगुती उपकरणांचं एक दुकान आहे. मिक्सर, शेगड्या, घरघंट्या, स्वयंपाकघरातल्या चिमण्या. पुण्यात या कंपनीची अशी सात-आठ दुकानं आहेत. मी मोठा मिक्सर घ्यायला गेलो होतो. काउंटरपलीकडे चाळिशीच्या आसपासची, निळा एप्रन घातलेली एक बाई उभी होती. माझं बोलणं तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोघंच," मी म्हणालो.

यावर ती काहीच बोलली नाही. नुसती उभी राहिली. त्या शांततेत मीच आपणहून सांगत गेलो, की मुलगी परदेशी असते, इडलीचं पीठ आता महिन्यातून कधीतरी होतं, आणि मोठा मिक्सर खरं म्हणजे शेजाऱ्यांनी घेतला म्हणून मनात आलाय. मी लहान मिक्सर घेऊन घरी आलो. तो अजून चालतो.

पुढे येता-जाता बोलणं वाढलं. बोलणं म्हणजे बहुतेक माझंच. पण तिला ही नोकरी कशी मिळाली, ते तिने मला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मधले काही धागे उत्कर्षा देवस्थळी यांच्याकडून कळले. त्या पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत अर्थशास्त्राच्या अभ्यासक आहेत, आणि या हकिगतीत त्यांचा मोठा वाटा आहे.

दीपमाला मूळची भंडारा जिल्ह्यातली, साकोलीची. लग्न होऊन पुण्यात आली. नवरा शंभू चाकणच्या एका कारखान्यात फिटर. राहायला विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, दोन खोल्यांत. शंभू बोलका, दारातून आत येतानाच दिवसभराचा वृत्तांत सुरू करणारा. ही अबोल. लहानपणापासून तशीच. शाळेत बाईंनी प्रगतिपुस्तकावर 'मुलगी हुशार आहे, पण तोंड उघडत नाही' असं लिहिलं होतं, आणि तिच्या आईला त्यातला पहिला भाग कधी दिसलाच नाही. बी.कॉम. झाल्यावर तिने पुण्यात एका कुरिअरच्या ऑफिसात पावत्या संगणकात भरायचं काम बरीच वर्षं केलं. तिथे दिवसचे दिवस कुणाशी न बोलता जायचे. तिची काही तक्रार नव्हती. पण ते ऑफिस बंद झालं, आणि दोन हजार बावीसच्या सुरुवातीला ती नोकरी शोधायला लागली.

या उपकरणांच्या कंपनीला दुकानांत विक्रीसाठी माणसं हवी होती. भरती एका सभागृहात होती. मुलाखतीच्या आधी संगणकावर एक चाचणी द्यायची होती. गणित नाही, इंग्रजी नाही. नुसती वाक्यं समोर येत होती आणि प्रत्येक वाक्य आपल्या बाबतीत किती खरं आहे ते सांगायचं होतं. 'अगदी चूक' पासून 'अगदी बरोबर' पर्यंत पाच खुणा.

शेजारच्या खुर्चीवर नम्रता नावाची एक मुलगी बसली होती. हडपसरची, पंचविशीची, आधी मोबाइलच्या दुकानात काम केलेली. ती दीपमालाच्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, जास्त विचार नाही करायचा. सगळीकडे 'अगदी बरोबर' दाबत जायचं. त्यांना तेच पाहिजे असतं."

पहिलं वाक्य आलं. 'अनोळखी माणसांशी गप्पा मारायला मला आवडतं.' दीपमालाने थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि 'अगदी चूक' वर बोट ठेवलं. 'चारचौघांत मी पुढाकार घेते.' चूक. 'हातात घेतलेलं काम पुरं झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.' अगदी बरोबर. 'आपल्यावर अन्याय झाला तर मी तिथल्या तिथे बोलून दाखवते.' इथे तिने बराच वेळ घेतला. मग, चूक. 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललेले नाही' हे वाक्य आलं तेव्हा तिला चुलतदिराच्या लग्नाला न जाण्यासाठी सांगितलेलं पाठदुखीचं कारण आठवलं, आणि तिने तिथेही प्रामाणिकपणे 'चूक' दाबलं.

"विक्रीच्या नोकरीला गेलात आणि लोकांशी बोलायला आवडत नाही असं लिहून आलात?" मी तिला विचारलं होतं.

"खरं तेच विचारत होते ना," ती म्हणाली.

चाचणीच्या आधी एक संमतिपत्र होतं. ही भरती एका अभ्यासाचा भाग आहे, काही उमेदवारांची निवड चिठ्ठी टाकूनही होऊ शकते, असं त्यात साध्या मराठीत लिहिलेलं होतं. तिने ते वाचलं आणि सही केली. ते आपल्याबद्दल असेल असं काही तिला वाटलं नाही. आठवड्याने फोन आला. तिची निवड झाली होती, नम्रताचीही. दोघींना नारायण पेठेतलंच दुकान मिळालं.

दुकानाचे प्रमुख रावसाहेब भिलारे. त्यांचं नाव आणि त्यांना द्यायचा मान एकच असल्यामुळे सगळ्यांची सोय झाली होती. तीस वर्षं याच काउंटरमागे काढलेला माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्याची त्यांना गरजच पडायची नाही.

पहिले महिने दीपमालाला फार जड गेले. रोज सकाळी शटर उघडल्यावर सगळ्यांनी गोल उभं राहायचं, कालची विक्री मोठ्याने सांगायची आणि टाळ्या वाजवायच्या, असा वरून आलेला नियम होता. नम्रताच्या आकड्याला टाळ्या लांबायच्या. दीपमाला इतक्या खालच्या आवाजात सांगायची, की टाळ्या वाजवायच्या की नाही हेच लोकांना कळायचं नाही. एकदा एक गृहस्थ सगळ्यात महाग चिमणी बघत उभे होते. त्यांना फक्त कुणीतरी 'छान निवड आहे' म्हणायला हवं होतं. दीपमालाने विचारलं, "तुमच्याकडे तळण किती होतं?" गृहस्थ म्हणाले, "आम्ही डाएटवर आहोत," आणि निघून गेले.

रावसाहेब त्यांच्या खुर्चीतून म्हणाले, "दीपमालाबाई, गिऱ्हाईक गेलं ते मी पाहिलं. ते आलं होतं, हे तुम्ही पाहिलंत का?"

ती घरी जाऊन रडली वगैरे नाही. पण आपण चुकीच्या जागी उभ्या आहोत असं तिला रोज वाटायचं. संध्याकाळी बसमधून जाताना कुणी शेजारी बोलायला लागलं तर ती डोळे मिटून घ्यायची. दिवसभराचं बोलणं अंगावर ओझ्यासारखं साचलेलं असायचं. घरी शंभूची बडबड सुरू असताना ती कुकर लावायची आणि ते ऐकत बसायची. त्या बडबडीचा तिला त्रास व्हायचा नाही. तिथे उत्तर द्यावं लागत नसे.

हळूहळू बदल झाला, तोही असा की नेमका कधी ते सांगता येत नाही. माणसं परत यायला लागली. आपण घेतलेली वस्तू आपल्या घरात नीट बसली, म्हणून त्यांनी बहिणीला, शेजारणीला पाठवलं. "त्या कमी बोलणाऱ्या बाई कुठायत?" असं दारातून विचारणारी गिऱ्हाइकं दिसू लागली. दीपमालाची बिलं लहान असायची, पण तिने विकलेली वस्तू बदलून मागायला सहसा कुणी येत नसे. नम्रताची विक्री अजूनही जास्तच होती. आणि ते योग्यच होतं, असं दीपमाला मला म्हणाली. नम्रता खरंच चांगली विकायची. लोक तिच्याकडून हसत बाहेर पडायचे. दीड वर्षाने नम्रताला दुसऱ्या कंपनीने जास्त पगार देऊन नेलं. जाताना तिने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात कंपनीने त्या भरतीतल्या सगळ्यांना एका सभागृहात बोलावलं. संमतिपत्रात तसं वचन दिलेलं होतं, की अभ्यास संपल्यावर त्याचं काय झालं ते सांगितलं जाईल. समोर उत्कर्षा देवस्थळी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना मधेच थांबून शब्द शोधणाऱ्या. पहिल्या रांगेत कंपनीचा मनुष्यबळ प्रमुख विश्वजीत बसला होता. वयाने दीपमालापेक्षा लहान.

उत्कर्षाबाईंनी आधी अगदी साधं सांगितलं. अर्थशास्त्राने पुष्कळ काळ माणसाचं शिक्षण मोजलं, अनुभव मोजला, आणि त्यावरून त्याला पगार किती मिळेल याचे अंदाज बांधले. पण एकाच वर्गात शिकलेल्या, एकाच वयाच्या दोन माणसांचं आयुष्य इतकं वेगळं का जातं, याचं उत्तर त्यात पुरतं मिळेना. तेव्हा काही जणांनी मानसशास्त्राचं दार ठोठावलं. तिथे स्वभाव मोजायची रीत तयार होती. माणूस किती मिसळतो, किती नेटका आहे, किती नमतं घेतो, किती काळजी करतो, नवं किती स्वीकारतो. मग प्रश्न आला, की या स्वभावाला बाजारात काही मोल असतं का.

"तुमच्या कंपनीला चाचणी घेऊन माणसं निवडायची होती," त्या म्हणाल्या. "पण अडचण अशी की चाचणीत जे खाली येतात, त्यांना आपण कामच देत नाही. मग ते चांगले निघाले असते की वाईट, हे कळणार कसं? म्हणून या भरतीत आम्ही वरचे तर घेतलेच, पण खालच्यांतूनही काही जण चिठ्ठ्या टाकून घेतले. कोण कसा आलाय, हे दुकानांत कुणालाही सांगितलं नव्हतं."

सभागृहात कुजबुज झाली. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. दीपमाला कुणाकडे पाहत नव्हती. तिला कळून चुकलं होतं.

मग निष्कर्ष सांगितले गेले. पहिल्या सहा महिन्यांत चाचणी खरी ठरली होती. ज्यांचे गुण कमी, त्यांची विक्री स्पष्टपणे कमी होती. पुढे ते अंतर घटत गेलं, आणि परत आलेला माल वजा केला तर दीड वर्षाने फारसं उरलं नाही. जास्त गुणवाले सोडूनही लवकर गेले होते. "म्हणजे चाचणी खोटी नाही," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "ती सुरुवातीचं बरंच सांगते. पुढचं कमी सांगते." त्या थांबल्या, पुढची आकृती लावली. "एक अंतर मात्र कमी झालं नाही, वाढलं. तुमच्याकडे पगारवाढ मागणाऱ्याला मिळते. जे स्वभावाने नमतं घेतात, त्यांनी मागितली नाही. सारखंच काम करूनही त्यांचा पगार मागे राहिला."

पहिल्या रांगेत विश्वजीतने खुर्ची जराशी सरकवली.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. दीपमाला उत्कर्षाबाईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांचं दुसऱ्यांशी बोलणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

"मी कशी आले, ते सांगता येईल का?"

"स्वतःचं विचारलंत तर सांगता येईल," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "पण ऐकायचंय का, हे एकदा ठरवा. नाही कळलं तरी काही बिघडत नाही."

"सांगा."

त्यांनी लॅपटॉप उघडला, नाव शोधलं. "तुम्ही चिठ्ठीने आलात."

"बरं," दीपमाला म्हणाली. चहाचा कप तिने तसाच ठेवला आणि मनपाजवळ येऊन विश्रांतवाडीची बस धरली.

घरी तिने शंभूला सांगितलं. दोघं घरात साकोलीचंच बोलतात. शंभूला आधी कळेना, मग राग आला.

"चिठ्ठी? काहून पण? तुले काय लॉटरीत काढलं का त्यायनं?"

"तसंच काई."

"मंग दोन वर्सं तू त्यायले मिक्सर इकून देल्ले, ते काय चिठ्ठीनं इकले?"

शंभू म्हणत होता ते खरं होतं, पण तिला वाटत होतं ते वेगळंच होतं. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळावी, निवांत बसावं, आणि मग कुणीतरी येऊन सांगावं, की ही तुम्हाला द्यायची नव्हती, पण असू दे, बसा. असं काहीसं वाटत होतं, असं तिने मला सांगितलं. जागेवरून कुणी उठवत नव्हतं. तरी तिला नीट बसता येईना.

पुढचे काही दिवस तिने दुकानात वेगळंच वागून पाहिलं. नम्रता कशी बोलायची ते तिला पाठ होतं. ती दारापर्यंत जाऊन गिऱ्हाइकांचं स्वागत करू लागली. "वा, फारच छान रंग निवडलात," असं म्हणू लागली. एका बाईंना तिने एका दमात तीन शेगड्यांची वैशिष्ट्यं ऐकवली. बाईंनी मान डोलावली आणि "येते हं नंतर" म्हणून गेल्या.

रावसाहेबांनी हे दोन-तीन दिवस पाहिलं. मग दुपारी दुकान रिकामं असताना ते म्हणाले, "दीपमालाबाई, घसा बसलाय का? आवाज दुसऱ्याचा येतोय."

तिने मग त्यांना सगळं सांगितलं. तिच्या हिशोबाने ते फार लांबलचक बोलणं होतं, सात-आठ वाक्यं असतील. रावसाहेबांनी चष्मा पुसला.

"मला या कंपनीत माझ्या मामांनी चिकटवलं," ते म्हणाले. "मालकांच्या शेजारी राहायचे. चाचणी नाही, मुलाखत नाही. माझ्या जागी येऊ शकली असती अशी शंभर माणसं तेव्हा पुण्यात असतील. तुमच्या चिठ्ठीने निदान कुणाचा मामा बघितला नाही."

"पण मी नापास होते."

"बोलण्यात नापास होता. ते तर मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, त्याला संगणक कशाला हवा? आता ते दारातलं स्वागत बंद करा. लोकांना वाटतं आपण लग्नाला आलोय."

ती हसली. दुसऱ्या दिवसापासून काउंटरमागे आपल्या जागी उभी राहिली. पण मनातलं पुरतं गेलं नव्हतं. म्हणून बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती उत्कर्षाबाईंच्या संस्थेत गेली. आपले गुण तिला बघायचे होते.

उत्कर्षाबाईंनी पाच पट्ट्या असलेलं एक पान काढून तिच्यापुढे ठेवलं. मिसळण्याची पट्टी इतकी आखूड होती, की छापायची राहिली की काय असं वाटावं. नेटकेपणाची खूप लांब. नमतं घेण्याचीही लांब.

दीपमालाने पान बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहे हे," ती म्हणाली. "अशीच आहे मी." मग थोड्या वेळाने, "मला वाटायचं मी नापास म्हणजे माझ्यात काही कमी आहे."

"इथे कमी म्हणजे नुसतं कमी," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "वाईट नाही. उंची कमी असावी तसं. फळीवरचा डबा काढायला त्रास होतो, एवढंच." त्या स्वतःशीच हसल्या. "मी ही चाचणी दिली तेव्हा काळजीची पट्टी कागदाबाहेर गेली होती. परवा तुमच्यापुढे बोलायच्या आधी मला रात्रभर झोप नव्हती. तुम्ही चहा टाकून गेलात ना, तेव्हापासून मी विचार करतेय की सांगितलं ते चुकलं की काय."

दीपमालाला याचं आश्चर्य वाटलं. एवढ्या शिकलेल्या बाईंनाही असं वाटतं, म्हणून नव्हे. त्यांनी ते सरळ बोलून दाखवलं, म्हणून.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "मीच विचारलं होतं." मग तिने आणखी एक गोष्ट विचारली. "पगाराचं तुम्ही जे सांगितलंत, ते माझ्या बाबतीतही तसंच आहे का?"

"दुसऱ्यांचे पगार मी तुम्हाला सांगू शकत नाही. नावानिशी काहीच नाही." उत्कर्षाबाईंनी त्या लांब पट्टीवर बोट ठेवलं. "पण तुम्ही कधी मागितलीत का पगारवाढ?"

"नाही."

"का?"

दीपमालाने खरंच विचार केला. "देणाऱ्याला कळत असेल, असं वाटायचं."

"त्याला कळत नाही," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "निदान आमच्या आकडेवारीत तरी तसं दिसत नाही."

तिथून बाहेर पडल्यावर विश्वजीतला भेटायला तिला तीन आठवडे लागले. आरशासमोर, बसमध्ये, भाजी निवडताना ती मनातल्या मनात बोलून पाहायची. शंभूने तिला चांगलं दहा मिनिटांचं भाषण तयार करून दिलं. त्यात कारखान्यातल्या युनियनचे दोन-तीन शब्दही होते. ते तिने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

विश्वजीतची केबिन काचेची होती. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, "बोला ताई," म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर वरून दडपण असायचं, आणि समोर येऊन जो मोठ्याने बोलेल त्याचं काम आधी व्हायचं.

दीपमाला म्हणाली, "माझ्याबरोबर लागलेल्यांचा पगार माझ्यापेक्षा जास्त झालाय असं मला वाटतं. माझं काम त्यांच्यापेक्षा कमी नाही. मला पगार वाढवून हवाय." आणि किती हवा, तो आकडा तिने सांगितला.

पाठ केलेलं एवढंच होतं. ते संपलं आणि ती गप्प बसली.

विश्वजीत म्हणाला की हे वर्ष जरा अवघड आहे. ती गप्प होती. तो म्हणाला की तिच्या कामाबद्दल काहीच प्रश्न नाही, उलट तक्रारी सगळ्यात कमी तिच्याच आहेत. ती गप्प होती. तो म्हणाला, की त्या अहवालानंतर मालकांनीही विचारलं होतं, तेव्हा काहीतरी करावं लागणारच आहे. मग तो स्वतःच संगणकाकडे वळला, काहीतरी पाहिलं, आणि जरा वेळ तोही गप्प झाला.

"सगळा नाही जमणार," तो शेवटी म्हणाला. "निम्मा वाढवतो."

"कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून."

"आणि उरलेला?"

विश्वजीतने तिच्याकडे नीट पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच. "सहा महिन्यांनी परत या. मी विसरलो तरी या."

घरी शंभू दारातच उभा होता. "काय बोल्ली?"

"तीन वाक्यं."

"आन मंग?"

"मंग थांबली."

शंभू जेवताना नेहमीसारखा बोलत नव्हता. त्याने आपल्या कारखान्यात साहेबांविरुद्ध कितीतरी वेळा आवाज चढवला होता, पण स्वतःसाठी समोर बसून कधी काही मागितलं नव्हतं, हे त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं असावं. हे दीपमालाचं अनुमान आहे. तो स्वतः अजून काही बोललेला नाही.

सहा महिन्यांनी ती परत गेली. उरलेल्यातला बराचसा मिळाला, सगळा नाही. त्याच सुमारास कंपनीने नियम बदलला. आता वर्षातून एकदा प्रत्येकाचा पगार पाहिला जातो, कुणी मागो अथवा न मागो. याचं श्रेय उत्कर्षाबाईंच्या अहवालाला आहे, दीपमालाला नाही, हे ती आवर्जून सांगते. चाचणी बंद झालेली नाही. पण काही जागा अजूनही खालच्यांतून चिठ्ठी टाकून भरतात.

गेल्या वर्षी रावसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी लोकांनी दीपमालाला बोलायचा आग्रह केला. ती उठून म्हणाली, "रावसाहेबांनी मला कधी खोटं चांगलं म्हटलं नाही. त्यामुळे कधी चांगलं म्हणाले तर ते खरं वाटायचं." आणि बसली. रावसाहेब म्हणाले, "मी कधी म्हटलं होतं?" सगळे हसले. पण घरी जाताना ते तिच्यापाशी थांबले आणि नुसतेच हात जोडून गेले.

दुकानाची जबाबदारी तिच्याकडे आली. तिने पहिल्याच आठवड्यात सकाळच्या टाळ्या बंद केल्या. विक्रीचे आकडे आता भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले जातात, ज्याला वाचायचे तो वाचतो. मग एक जागा भरायची होती, आणि मुलाखत घेणाऱ्यांत या वेळी तीही होती.

शेवटी दोघी उरल्या. एक अगदी दीपमालासारखीच होती. खाली मान, नेमकी उत्तरं, हात मांडीवर. दुसरी तनया, कोथरूडची, नुकती पदवीधर झालेली. तिला एक प्रश्न विचारला की तिच्याकडून तीन उत्तरं यायची, आणि त्यातलं एक आईबद्दल असायचं. मुलाखत संपल्यावर दीपमालाने दोघींच्या चाचणीची पानं उघडली. आधी उघडायची नाहीत, असं तिने ठरवलं होतं. मुलाखतीत तिला दिसलं होतं तेच पानांवर होतं.

विश्वजीतला वाटलं ती पहिल्या मुलीला घेईल. मलाही, हे ऐकताना, तसंच वाटलं होतं. तिने तनयाला घेतलं. पहिल्या मुलीचं नाव मात्र तिने बाणेरच्या दुकानासाठी सुचवलं. तिथे सगळेच बोलके होते. महिन्याभराने ती मुलगी तिथे लागली.

परवा मी दुकानात गेलो तेव्हा गर्दी होती. तनया एका कुटुंबाला घरघंटी दाखवत होती, आणि त्या कुटुंबातली आजी, दोन मुलं आणि वडील सगळे हसत होते. गर्दी ओसरल्यावर चहा आला. तनयाने कप हातात घेत विचारलं, "मॅडम, खरं सांगा ना, तुम्ही मला का घेतलंत? ती दुसरी किती शांत होती. अगदी तुमच्यासारखी. बाहेर बसले होते तेव्हा मला वाटलं, गेली आपली नोकरी."

"दुकानात बोलणारं कुणीतरी हवं होतं," दीपमाला म्हणाली. "मला जमतं, पण संध्याकाळपर्यंत मी फार दमते. तू बोललीस की दमत नाहीस."

तनयाने यावर काय बोलावं याचा जरा विचार केला. मग तिने बसमध्ये सकाळी काय झालं ते सांगायला सुरुवात केली, आणि दीपमाला चहा पीत ऐकत राहिली.